लाल्या, निळ्या आणि समुद्र नसलेला भाग

बोईसर स्टेशनबाहेर, रिक्षांच्या रांगेच्या थोडं पुढे, एका हातगाडीवर टी-शर्ट टांगलेले होते. घरून फोन आला म्हणून मी तिथे थांबले, आणि बोलता बोलता समोरच्या टी-शर्टवरच्या दोन माणसांकडे बघत राहिले. एकाचे केस लाल, जाळासारखे वर उठलेले. दुसऱ्याचे निळे, खांद्यापर्यंत आलेले. एकाच्या हातात तलवार, दुसऱ्याच्या हातात साखळी. दोघं पाठीला पाठ लावून उभे होते. फोनवर पलीकडून काय विचारलं जातंय ते मला ऐकूच येईना.

"ले लो दीदी, एक ही पीस बचा है," गाडीवाला म्हणाला.

"ये दोनों दोस्त थे या दुश्मन?" मी विचारलं. आपण हे कुणाला विचारतोय, हे विचारून झाल्यावर लक्षात आलं.

त्याने टी-शर्ट उलटा करून पाहिला, जणू मागे लिहिलेलं असेल. "पता नहीं दीदी. माल ऊपर से आता है."

मी तो घेतला नाही. मग चिंचणीच्या रिक्षेत बसल्यावर घ्यायला हवा होता असं वाटत राहिलं. कारखान्यांचा तो आंबूस, घशाला चिकटणारा वास मागे पडला, रस्त्याच्या कडेला ताडांची झाडं दिसू लागली, आणि वाऱ्याला खारटपणा आला. दर वेळी माहेरी येताना हा वास बदलतो तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटतं. या वेळी मात्र ती दोन माणसं डोळ्यांसमोरून हलेनात.

त्यांची खरी नावं आम्हाला कधी कळलीच नाहीत. जपानी कार्टून, हिंदीत बोलणारं. नावं इतकी भरभर उच्चारायचे की प्रत्येकाला वेगळी ऐकू यायची. म्हणून आमच्याकडे ते लाल्या आणि निळ्या झाले. लाल्या डोंगरातल्या राज्याचा, निळ्या समुद्रातल्या. दोघांचं एकमेकांशी हाडवैर. रोज संध्याकाळी ते लढायचे, आणि रोज कुणीच जिंकायचं नाही.

आमचा टीव्ही ओटीवर होता. मागच्या पडवीत चिकू पसरलेले असायचे, आणि हिवाळ्यात त्यांचा तो गोड, जरासा आंबलेला वास थेट टीव्हीपर्यंत यायचा. आजही कुठे पिकलेल्या चिकूचा वास आला की मला तलवारीवर तलवार आपटल्याचा आवाज ऐकू येतो. आई वाडीतून आणलेल्या मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात बांधत बसलेली असायची. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ संदेश, टीव्हीच्या अगदी समोर मांडी घालून. मी तिसरीत होते. मी त्याच्या मागे. आणि दारात, उंबऱ्याच्या आत एक पाय आणि बाहेर एक पाय ठेवून, भावेश.

भावेश किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. त्यांचं मच्छीमारीचं घर, बापाची होडी. शाळेसाठी तो चिंचणीत मामाकडे राहायचा. मामाकडे केबल नव्हती. तो दादाच्याच वर्गात होता, आणि दादाला तो बिलकुल आवडायचा नाही. धावण्यात पहिला कोण, हस्ताक्षर कुणाचं चांगलं, फळ्यावर चित्र कुणी काढायचं, प्रत्येक गोष्टीत हे दोघं समोरासमोर. तरी आईने सांगून ठेवलं होतं, "पोरगा दारात आला तर दार लावायचं नाय." मग तो यायचा. कधीच पूर्ण आत बसला नाही.

दादा लाल्याचा, भावेश निळ्याचा.

"पाण्याला काय, चुलीवर ठेवलं की वाफ," दादा टीव्हीकडे बघतच म्हणायचा.

"आग तर फुंकर मारली तरी जाते," भावेश दारातून म्हणायचा. "पानी कोन विजवनार, सांग ना."

आई हसायची. मला हसावं की नाही ते कळायचं नाही, कारण मला दोघंही बरोबर वाटायचे. लाल्या चिडला की अख्खा डोंगर पेटायचा, ते मला आवडायचं. निळ्या चिडायचा नाही, नुसता डोळे मिटायचा आणि पाणी वर यायचं, तेही मला आवडायचं. पण कुणाच्या तरी बाजूला असावं लागे. शाळेत दोन तट पडले होते. वाडीवाली पोरं मनगटाला लाल फीत बांधायची, समुद्राकडची पोरं जाळ्याची निळी दोरी. मी सकाळी फीत बांधून निघायचे. एकदा भावेशने मला निळ्या दोरीचा तुकडा दिला, तो मी दप्तरात ठेवून दिला आणि दादाला सांगितलं नाही.

आणि मग तो भाग लागला.

त्या दिवशी काळ्या धुक्यातून काहीतरी मोठं आलं आणि लाल्याला एकट्याला ते आवरेना. निळ्या लांब उभा होता. आता तो हसणार, असं आम्हाला वाटलं. तो हसला नाही. तो चालत आला आणि लाल्याच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मग आगीभोवती पाणी फिरलं, की पाण्याभोवती आग, आणि सगळा पडदा पांढरा झाला.

भाग संपला, शेवटचं गाणं लागलं. दादाने टीव्ही बंद केला. भावेश चपला शोधत होता. त्या समोरच होत्या.

"आता काय?" दादा म्हणाला. कुणाला म्हणाला, माहीत नाही.

"आता काय," भावेश म्हणाला. "उद्या बगू."

दुसऱ्या दिवशी शाळेत मोठा गोंधळ. कुणाच्या बाजूने बोलायचं तेच कुणाला कळेना. काहींनी फीत सोडून टाकली, काहींनी दोन्ही बांधली. एक मुलगा रडला होता असं मला आठवतं. हे दोघं एक झाले तर आपण कशाला भांडत होतो, असं काहीतरी तो म्हणत होता.

त्याच आठवड्यातली गोष्ट असेल, किंवा त्याच महिन्यातली. शाळा सुटून मी घरी आले होते. कार्टूनची वेळ झाली नव्हती, आणि भावेश धावत अंगणात आला. सरळ ओटीवर चढला. तो आत आला ती ही पहिलीच वेळ.

"संदेश, ताडपत्री हाय का तुमच्याकडं? चिकवांवर टाकता ती?"

"कशाला?"

"दे तर आधी. आनि गोणपाटं पन घे. चल!"

दादाने पुढे आणखी काही का विचारलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही. एरवी तो भावेशने वेळ विचारली तरी वाद घालायचा. पण त्या दिवशी त्याने चिकूंवरची ताडपत्री ओढून काढली, सगळे चिकू पडवीभर घरंगळले, आणि आम्ही तिघं किनाऱ्याकडे धावलो.

ओहोटी होती. चिंचणीचा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की तो परत येईल यावर विश्वास बसत नाही. सुरूंच्या बनापासून पार लांबपर्यंत नुसती ओली, चकाकणारी वाळू. मधेच एका डबक्यात ते होतं. डॉल्फिनचं पिल्लू. राखाडी, गुळगुळीत, दादापेक्षा थोडंसं आखूड. डबक्यातलं पाणी त्याच्या अर्ध्या अंगालाही पुरत नव्हतं. डोक्यावरच्या भोकातून ते श्वास सोडायचं, सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखा, आणि मग इतका वेळ काहीच नाही की माझाच श्वास अडकायचा.

"गोणपाट भिजव आनि अंगावर टाक," भावेश मला म्हणाला. "पन ते भोक झाकू नको, बाय. तिथूनच दम घेतं ते."

दादाने शेपटी धरली.

"शेपटीला हात नको लावू, मोडंल!"

"मग धरू कुठे?"

"धरायचंच नाय. खालून ताडपत्री सरकवायची."

"तुला काय माहीत?"

"आनि तुला?"

ते तिथेही भांडले. ते पिल्लू दोघांच्या मधे पडलेलं, आणि हे दोघं गुडघाभर चिखलात उभे राहून भांडतायत. मग ते पिल्लू ओरडलं. ओरडलं म्हणजे, बारीक शिट्टीसारखं काहीतरी. दोघं एकदम खाली वाकले.

ताडपत्री खाली गेली. एक टोक दादाकडे, एक भावेशकडे. पण ओढताना जमेना. दादा तीन म्हणतानाच ओढायचा, भावेश तीन म्हणून झाल्यावर. ताडपत्री तिरकी व्हायची आणि पिल्लू एका बाजूला घसरायचं. शेवटी मी ओरडायला लागले, "हा! हा! हा!" आणि माझ्या आवाजावर ते ओढायला लागले. वाळू पायाखालून निसटत होती. दादाच्या तळहाताची साल निघाली होती. भावेश काहीतरी पुटपुटत होता, शिव्या असतील, प्रार्थना असेल. किती वेळ गेला सांगता येणार नाही. सूर्य अगदी समोर आला होता आणि समुद्राचा आवाज जवळ जवळ येत होता.

पाण्यात मला येऊ दिलं नाही. ते दोघं छातीपर्यंत आत गेले, मधे ती ताडपत्री. उन्हाच्या चमकेत मला नीट दिसत नव्हतं. दोन काळी डोकी फक्त. पुढे दादा असावा, मागे भावेश. किंवा उलटं. मग हात वर झाले, चार हात, आणि ओरडणं ऐकू आलं, "गेलं! गेलं!"

परत येताना दोघं थरथरत होते. सुरूंखाली आल्यावर दादाने आपला शर्ट पिळला आणि तो भावेशला दिला, कारण भावेशचा पाण्यातच गेला होता. मला वाटलं, आता झालं. आता भावेश मांडी घालून आत बसणार.

तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उंबऱ्यावर, दादा पुन्हा टीव्हीसमोर, आणि पाण्याची वाफ होते की नाही यावर पुन्हा वाद. पण एक गोष्ट नवी होती. मी रोज त्या पिल्लाबद्दल विचारायचे, आणि दोघांकडे बातम्या असायच्या.

"आमच्या बाबांना दिसलं काल," भावेश म्हणायचा. "दांडीच्या समोर. होडीबरोबर पळत व्हतं."

"पाठीवर ती खूण होती ना, पांढरी?" दादा विचारायचा.

"तीच. त्यावरनंच ओळकलं."

मला कुठलीच खूण आठवत नव्हती. पण दोघांना आठवत होती, म्हणजे असणार. त्या वर्षभर आणि पुढेही, पिल्लू मोठं झालं, त्याला कळप मिळाला, ते वादळातून वाचलं. एरवी एकमेकांचं एक वाक्य पुरं होऊ न देणारे हे दोघं या एका गोष्टीत एकमेकांची वाक्यं पुरी करायचे.

पुढे ते कार्टून लागायचं बंद झालं. दहावीनंतर भावेश दांडीला बापाच्या होडीवर गेला, दादा शिकून बोईसरला कंपनीत लागला. मधे त्यांचं काहीतरी बिनसलं. कशावरून, ते मला कुणी सांगितलं नाही. दादाच्या लग्नात भावेश नव्हता, आणि त्याचं नाव आमच्या घरात निघेनासं झालं. चिकूची वाडी निम्मी राहिली. ओटीला जाळी बसली, फरशी बसली.

त्या फरशीवर बसून मी परवा तो भाग शोधून काढला. आता सगळंच मोबाइलवर सापडतं, नाव माहीत नसलं तरी. वहिनी हसत होती, "माहेरी येऊन कार्टून बघताय काय, ताई?" मला तो बघायचा होता कारण मला पक्कं आठवत होतं: त्या भागाच्या शेवटी लाल्या आणि निळ्या एका जखमी समुद्री प्राण्याला कापडात गुंडाळून, खांद्यावर घेऊन पाण्यात सोडतात. लाल्या पुढे, निळ्या मागे. सूर्य समोर. चार हात वर.

तसं काहीच नव्हतं. काळं धुकं होतं, पाठीला पाठ होती. मग दोघं मिळून एक दगडी दरवाजा ढकलून बंद करतात आणि भाग संपतो. प्राणी नाही, कापड नाही. त्या भागात समुद्रच नाही. मी आधीचा भाग बघितला, नंतरचे बघितले. मग बंद केलं. मला अस्वस्थ वाटायला लागलं. एवढी वर्षं जे मी कार्टून म्हणून जपलं होतं ते किनाऱ्यावरचं होतं. मग जे किनाऱ्यावरचं म्हणून जपलंय, त्यातलं कार्टूनमधलं किती? आम्ही खरंच गेलो होतो का? दादा कामावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून दांडीला गेले.

बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, आणि तो वास इतका दाट होता की त्याला हात लावता आला असता. भावेशच्या आईने मला ओळखलं. माझ्या हाताला धरून बसवलं, "किती सुकलीस गो बाय," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. भावेश दारात जाळं दुरुस्त करत बसला होता. केस कानाजवळ पांढरे झालेले. त्याने मान वर केली, बघितलं, आणि बसायला जागा करून दिली. जसं काही मी कालच येऊन गेले होते.

मी आडवळणं घेतली नाहीत. विचारलं, "भावेशदादा, ते डॉल्फिनचं पिल्लू आपण सोडलं होतं ना? खरंच?"

"सोडलं की. तूच तर ओरडत व्हतीस, हा हा करून." तो हसला. मलाही हसू आलं. मग जाळ्यातली गाठ ओढत तो सहज बोलून गेला, "नंतर पुरताना मातर लय खोल खणावं लागलं. कुत्री उकरतात ना."

"पुरताना?"

त्याची सुई थांबली.

"संदेशनं सांगितलं नाय तुला? इतक्या वर्षांत?"

मी नकारार्थी मान हलवली. आत चहाचं आधण उकळत होतं. भावेशने सुई जाळ्यात खोवली.

"दुसऱ्या दिवशी सकाळीच," तो हळू म्हणाला. "मी शौचाला गेल्तो किनाऱ्यावर. सुरूंच्या पलीकडं मेलेलं लागलं व्हतं. मी तुमच्या घराच्या मागनं संदेशला उठवला. दोघांनी मिळून पुरलं. तो म्हनाला, तिला सांगायचं नाय. मी म्हनालो, नाय सांगायचं. मग काय सांगायचं ते पन ठरवलं." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे. तो घाईघाईने म्हणाला, "पन दुसरा पन असंल गो. तवा दोन-तीन लागले व्हते किनाऱ्याला. तोच व्हता असं मी कसं सांगू? आपला गेला असंल. नक्की गेला असंल."

"पाठीवर खूण होती का?"

"कसली खूण?" तो म्हणाला. आणि लगेच, "हां. खूण. आठवत नाय आता."

त्याच्या आईने चहा आणला. आम्ही तो प्यायलो. तिने बोंबलांची पिशवी माझ्या हातात कोंबली. निघताना भावेश रिक्षेपर्यंत आला, बार धरून उभा राहिला, काहीतरी विचारणार असं वाटलं. मग म्हणाला, "नीट जा."

परतताना मला राग आला होता का, की रडू येत होतं, की हसू, हे मी स्वतःलाच विचारत होते. ज्या पिल्लाला मी किती वर्षं मोठं होताना बघितलं ते कदाचित एका रात्रीपुरतंच जगलं होतं. आणि जे दोघं कधी एक झालेच नाहीत असं मी धरून चालले होते, ते माझ्यासाठी रोज एक व्हायचे, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला दिसलं नव्हतं. यातलं काय गमावलं आणि काय सापडलं, याचा हिशेब लागेना.

संध्याकाळी दादा कामावरून आला. गाडी अंगणात लावली, हेल्मेट काढलं, हातपाय धुतले. वहिनी आत पिशवी उघडत होती. बोंबलांचा वास ओटीवर आला. दादाने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. कुठून आणले, ते विचारलं नाही.

"दादा, ते पिल्लू..." मी म्हणाले. "डॉल्फिनचं. ते गेलं होतं ना समुद्रात?"

"गेलं म्हणजे काय! मी स्वतः बघितलं." त्याने क्षणाचाही वेळ घेतला नाही. इतक्या वर्षांनी, टॉवेलने तोंड पुसत पुसत, सहज. "शेपटी मारून गेलं. पाठीवर पांढरी खूण होती. का गं?"

"काही नाही. आठवलं."

तो ओटीच्या पायरीवर बसला. बराच वेळ पायातल्या चपलेचा पट्टा काढघाल करत राहिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तो काय म्हणाला?"

नाव नाही घेतलं. पण त्या घरात इतक्या वर्षांत ते नाव एवढं जवळ आलं नव्हतं.

मला खरं सांगता आलं असतं. पण दोघांतलं कुणाचं खरं, हे मला ठरवता आलं नाही.

"तेच म्हणाला," मी म्हणाले. "गेलं म्हणाला. त्याने पण बघितलं."

दादाने मान डोलावली. वाडीकडून कुणीतरी पंप बंद केला आणि एकदम सगळीकडे शांत झालं.

"चांगला पोहायचा," तो म्हणाला.

कोण, ते मी विचारलं नाही.